पैसा नावाचा धनी

आमच्या कॉलेजच्या वाटेवर कोर्टाचे आवार लागते. कामकाजाच्या कुठल्याही दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तिकडे नजर टाकली, तर एक देखावा हमखास दिसतो. एका झाडाखाली थोरला भाऊ आपल्या वकिलाबरोबर उभा असतो, दुसऱ्या झाडाखाली धाकटा. दोघांच्याही हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेले उतारे. एकाच ताटात जेवलेले, एकाच सायकलीवरून शाळेला गेलेले हे दोघे आता एकमेकांकडे बघत नाहीत. दावा अर्थातच वाटणीचा. बेळगावच्या आसपासच्या गावांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शिवारात प्लॉट पडले, जिथे बासमतीचा वास दरवळायचा तिथे गुंठ्याचे भाव बोलले जाऊ लागले. चार पिढ्या ज्या जमिनीने एकत्र ठेवल्या, त्याच जमिनीवरून घरे फुटू लागली.

असाच एक भाऊ दोन हजार वर्षांपूर्वी येशूकडे आला होता. लूकने लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात ही हकीकत आहे. गर्दीतून एक माणूस पुढे होतो आणि गाऱ्हाणे मांडतो, की माझ्या भावाला सांगा, वडिलोपार्जित मालमत्तेत मला वाटा दे म्हणावे. मागणी गैर नव्हती. त्या काळी असे तंटे धर्मगुरूंपुढे नेण्याची रीतही होती. पण येशू न्यायनिवाडा करायला साफ नकार देतो. तुमच्या वाटण्या करायला मला कोणी नेमले, असे विचारतो आणि जमलेल्या सगळ्यांना लोभापासून सावध राहायला सांगतो. फिर्याद एकाची, ताकीद मात्र सर्वांना! आणि मग तो एका श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट सांगतो.

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरात तीन पिढ्यांची माळ आहे. पण वीसेक वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाला बायबल टाळून पुढे जाता येत नाही. गोव्यात १६१६ साली छापले गेलेले फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ ओवीबद्ध मराठीत आहे. पंडिता रमाबाईंनी संपूर्ण बायबल मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्याशिवाय तर आपला अभ्यासक्रम पुरा होत नाही. हे सारे शिकवता शिकवता पैशाबद्दलचा ख्रिस्ती विचार माझ्या परिचयाचा झाला. ‘पैसा वाईट’ हे तर सगळेच धर्म सांगतात, मग यात वेगळे ते काय, असे कुणी विचारील. वेगळे आहे, आणि आजच्या आपल्या घरांना ते उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

कोठारे बांधणारा शेतकरी

गोष्टीतल्या शेतकऱ्याच्या शेतात भरघोस पीक येते. ते साठवायला जागा पुरेना, म्हणून तो जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे ठरवतो. मग निवांतपणे खाऊ, पिऊ, मजा करू, असे मनाशी म्हणतो. त्याच रात्री त्याला मरण येणार असते. हा जमवलेला पसारा आता कुणाचा, या प्रश्नावर गोष्ट संपते.

या शेतकऱ्याने चोरी केलेली नाही. कुणाचा बांध कोरला नाही, मजुराची मजुरी बुडवल्याचाही उल्लेख नाही. पीक आले ते पाऊसपाण्याने आणि जमिनीच्या कसाने. आपल्या हिशेबाने तो कष्टाळू, दूरदर्शी माणूस ठरेल. मग त्याला मूर्ख का म्हटले? त्याचे बोलणे नीट पाहिले की उत्तर सापडते. तो सारखा ‘माझे’ म्हणतो. माझे पीक, माझी कोठारे, माझा माल. विचार करतो तोही स्वतःशीच. गोष्टीत त्याची बायको नाही, मुले नाहीत, शेजारी नाही, गडी नाही. इतके धान्य पिकवणाऱ्या माणसाला सल्ला विचारायलाही कोणी उरलेले नाही. वाटणी मागायला आलेल्या भावाला हीच गोष्ट का सांगितली, तेही इथे कळते. वाटा मिळेल; पण ज्याच्याबरोबर बसून तो खायचा तो भाऊ राहील का?

या गोष्टीचा सर्वांत धारदार अर्थ चौथ्या शतकात बेसिल नावाच्या धर्मगुरूने लावला. आजच्या तुर्कस्तानात असलेल्या कैसरिया या शहरात ३६८-६९च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. पाऊस नाही, विहिरी आटल्या, आणि व्यापारी भाव चढण्याची वाट पाहत धान्य दडवून बसलेले. बेसिलने या कोठारवाल्या शेतकऱ्यावर प्रवचन दिले. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की तुझ्या घरात जास्तीची पडून असलेली भाकरी भुकेल्याची आहे, पेटीत कसर खाणारे वस्त्र उघड्याचे आहे. ते न देणे म्हणजे नुसता कंजूषपणा नव्हे, ती चोरीच. बेसिल स्वतः जमीनदार घराण्यातला होता. त्याने धान्य मिळवून भुकेल्यांसाठी अन्नछत्र चालवले आणि पुढे शहराबाहेर गरीब व रोगी यांच्यासाठी मोठी वसाहत उभी केली. बोलल्याप्रमाणे तो वागला, म्हणून त्याचे शब्द सोळाशे वर्षे टिकले.

दोन धन्यांची चाकरी

मराठीत ‘धनी’ हा शब्द मोठा बोलका आहे. धनी म्हणजे ज्याच्याकडे धन आहे तो, आणि धनी म्हणजे मालकही. ख्रिस्ती विचाराची कळ नेमकी या दुहेरी अर्थात आहे. धनाचा धनी होता होता माणूस धनालाच आपला धनी करून बसतो, हा तो धोका. एकाच वेळी दोन धन्यांची चाकरी होत नाही, असे येशूने सांगितले. आणि हे दोन धनी म्हणजे देव आणि पैसा. सत्ता, कीर्ती, देहसुख यांतल्या कशालाही त्याने असे देवासमोर उभे केले नाही. पैशाला केले.

तिथे पैशासाठी ‘मामोन’ हा अरामी शब्द येतो. ‘विश्वास ठेवणे’ या अर्थाच्या धातूशी तो जोडलेला असावा, असे काही भाषाभ्यासक मानतात. प्रार्थनेच्या शेवटी म्हणतात त्या ‘आमेन’चा धातूही तोच. ही व्युत्पत्ती खरी असेल तर मामोन म्हणजे नुसती संपत्ती नव्हे. ज्याच्या भरवशावर आपण निर्धास्त झोपतो ते. अडीअडचणीला कोण धावून येईल, या प्रश्नाला ‘देव’, ‘भाऊ’, ‘शेजारी’ ही उत्तरे मागे पडून ‘बँकेतली ठेव’ हे उत्तर मनात पहिल्यांदा येऊ लागले, की धनी बदलला असे समजावे.

याचा अर्थ पैसा अस्पृश्य आहे असा मात्र नाही. पौलाच्या नावाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातले एक वचन जगभर चुकीचे सांगितले जाते. पैसा सगळ्या वाइटाचे मूळ आहे, असे ते वचन आहे असा समज आहे. मूळ ग्रीक शब्द आहे ‘फिलार्गुरिया’, म्हणजे रुप्याची आसक्ती. दोष आसक्तीचा आहे, नाण्याचा नाही. येशूबरोबर गावोगाव फिरणाऱ्या मंडळींचा खर्च काही सधन स्त्रिया आपल्या पदरचा पैसा घालून चालवत होत्या, असे लूक नोंदवतो. येशूचे शव ज्या कबरीत ठेवले ती योसेफ नावाच्या एका श्रीमंताची होती.

मात्र आसक्तीच्या बाबतीत बायबल कमालीचे कठोर आहे. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात लोभाला चक्क मूर्तिपूजा म्हटले आहे. हे शब्द परधर्मीयांना उद्देशून नाहीत. ते चर्चमध्ये येणाऱ्या, प्रार्थना करणाऱ्या श्रद्धावंतांना लिहिले आहेत. देव्हारा बाहेर नसेल, तिजोरीत असेल, तो तपासा, असा त्याचा रोख आहे.

एका तरुण श्रीमंताची कथा प्रसिद्धच आहे. लहानपणापासून त्याने सगळ्या आज्ञा पाळलेल्या. येशू त्याला सांगतो, की आहे ते विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तो खिन्न होऊन निघून जातो. त्यावेळी येशूने सुईच्या नेढ्यातून जाणाऱ्या उंटाची उपमा दिली. या नेढ्याची सोय लावायचा लोकांनी फार प्रयत्न केला. यरुशलेमात ‘सुईचे नेढे’ नावाचा एक बुटका दरवाजा होता, उंटाने ओझे उतरवून गुडघे टेकले की तो आत जाई, असे अजूनही अनेक प्रवचनांत सांगतात. त्या काळी असा दरवाजा असल्याचा कोणताही पुरावा नाही. उपमा अशक्याचीच आहे. शिष्यही ती ऐकून हादरले, कारण संपत्ती म्हणजे देवाची कृपा, असे तेही धरून चालले होते. आपणही नाही का ‘देवाच्या कृपेने’ बंगला झाला म्हणत?

दारातला लाजर

माझ्या मते पैशाच्या धोक्याचे सर्वांत नेमके वर्णन लूकच्या सोळाव्या अध्यायात आहे. एक श्रीमंत रोज जांभळी वस्त्रे लेऊन मेजवान्या झोडतो. त्याच्या दाराशी लाजर नावाचा भिकारी फोडांनी भरलेल्या अंगाने पडून असतो. कुत्री येऊन त्याचे फोड चाटतात. दोघेही मरतात. लाजर अब्राहामाच्या कुशीत पोहोचतो आणि श्रीमंत यातनेत पडतो.

इथेही श्रीमंताने लाजराला छळल्याचा उल्लेख नाही. त्याने त्याला हाकलून दिले नाही, की पहारेकरी सांगून उठवले नाही. फक्त रोज येता-जाता त्याला ओलांडले. येशूच्या दृष्टांतांत लाजर हे एकच पात्र असे आहे, की ज्याला नाव आहे. श्रीमंताला नाव नाही. आपल्या व्यवहारात नेमके उलटे असते. देणगीदाराचे नाव संगमरवरी पाटीवर कोरले जाते आणि गवंड्याचे नाव कुणाला ठाऊक नसते.

अंत्युखियात चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान ख्रिसोस्तम याने या एका कथेवर प्रवचनांची मालिकाच दिली. पुढे तो कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला. राजधानीच्या ऐषारामावर तो इतके स्पष्ट बोलला, की दरबारातल्या शत्रूंनी त्याला हद्दपार करवले. ४०७ साली हद्दपारीच्या वाटेवरच त्याचा अंत झाला. श्रीमंतांना न दुखावता लाजराची गोष्ट सांगता येत नाही, हे त्याने आयुष्य देऊन दाखवले.

आपल्या दारातला लाजर कोण? दर वेळी तो भिकारीच असतो असे नाही. कित्येकदा तो घरातलाच असतो. वडिलांच्या माघारी माहेरी बोलावून, चहापाणी करून, साडीचोळी देऊन जिच्याकडून हक्कसोड पत्रावर सही घेतली जाते, ती बहीण. कायद्याने २००५ पासून हिंदू घरातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. पण ‘भावाशी संबंध तुटायला नकोत’ म्हणून ती मुकाट सही करते आणि भाऊ तिला ‘मनाची मोठी’ म्हणून मोकळा होतो.

हे फक्त आपल्याच घरांत घडते असे नाही. केरळातल्या त्रावणकोरच्या ख्रिस्ती समाजाला १९१६चा जो वारसा कायदा लागू होता, त्यात मृत्युपत्र नसेल तर मुलीला मुलाच्या वाट्याच्या पाव हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतले जे कमी असेल ते मिळे. दर रविवारी लाजराची गोष्ट ऐकणाऱ्या घरांत हा कायदा सत्तर वर्षे चालला. मेरी रॉय नावाची बाई आपल्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९८६ साली न्यायालयाने मुलींना बरोबरीचा वाटा दिला. स्वतःच्या समाजाशी भांडून तिने हे मिळवले. धर्मग्रंथ घरात असणे वेगळे, आणि दारातले माणूस दिसणे वेगळे.

देवळाच्या उंबऱ्याच्या आत

ख्रिस्ती विचाराची एक बाजू मला विशेष भावते. पैशाचा मोह बाहेरच्यांनाच होतो असे तो मानत नाही. बारा शिष्यांची पैशाची थैली ज्याच्याकडे होती, त्या यहूदाने तीस रुप्याच्या नाण्यांसाठी गुरूला पकडून दिले. शोमरोनातला शिमोन नावाचा जादूगार प्रेषितांना पैसे देऊन पवित्र आत्म्याचे सामर्थ्य विकत मागू लागला आणि पेत्राने त्याला झिडकारले. धर्मातली पदे विकण्या-घेण्याच्या पापाला युरोपीय भाषांत याच शिमोनाच्या नावावरून नाव पडले आहे. नाव पडावे इतके ते पाप नेहमीचे झाले होते, हा त्याचा अर्थ.

सोळाव्या शतकात रोममधल्या सेंट पीटर्सच्या बांधकामासाठी जर्मनीत पापक्षमापत्रे विकली गेली. त्याविरुद्ध १५१७ साली मार्टिन ल्यूथरने आपली ९५ विधाने मांडली. असे पत्र विकत घेण्यापेक्षा गरजूला दिलेला पैसा श्रेष्ठ, हे त्यांतल्या एका विधानाचे सार आहे. आपल्या शेजारच्या गोव्यात फ्रान्सिस झेवियर १५४२ साली आला. त्याचे १५४५चे एक पत्र भाषेच्या शिक्षकाला गंमतीचे वाटेल. इथले पोर्तुगीज अधिकारी ‘लुटणे’ या एकाच क्रियापदाची सर्व काळांतली आणि सर्व अर्थांतली रूपे चालवण्यात पटाईत आहेत, अशा आशयाची तक्रार त्याने केली आहे. लुटणारे त्याच्याच धर्माचे आणि ज्या राजाने त्याला पाठवले त्याच राजाचे चाकर होते.

आजही ‘देवावर विश्वास ठेवा, आम्हांला देणगी द्या, दामदुपटीने परत मिळेल’ असे दूरचित्रवाणीवरून सांगणारे उपदेशक आहेत. त्याला समृद्धीची सुवार्ता म्हणतात. ज्याला डोके टेकायला स्वतःची जागा नव्हती, त्याच्या नावाने हे चालते. आपल्याकडचे बुवा, बाबा आठवून हसायचे कारण नाही आणि त्यांना झाकायचेही कारण नाही. अनेक ख्रिस्ती धर्मगुरूंनीच या शिकवणुकीवर कडक टीका केली आहे, तशी आपणही आपल्या घरात करावी, एवढेच.

वेस्लीचे गणित

बेळगावकरांना मेथडिस्ट चर्च आणि त्यांच्या शाळा परिचयाच्या आहेत. या पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली. पैशाविषयी इतका व्यवहारी संत क्वचितच झाला असेल. ऑक्सफर्डला असताना त्याची कमाई वर्षाला ३० पौंड होती. २८ पौंडांत त्याचा खर्च भागे, २ पौंड तो दान करी. पुढल्या वर्षी कमाई ६० पौंड झाली. खर्च २८च ठेवला आणि ३२ दिले. तिसऱ्या वर्षी ९०, चौथ्या वर्षी १२० पौंड मिळाले. खर्च तोच २८. कमाई वाढली की राहणीमान वाढलेच पाहिजे, हे आपण निसर्गनियमासारखे धरून चालतो. पगारवाढ हातात पडण्याआधी गाडीचा हप्ता ठरलेला असतो. वेस्लीने तो नियम मोडून दाखवला. १७७६ साली सरकारी अधिकाऱ्यांनी घरातल्या चांदीच्या भांड्यांचा तपशील मागितला. आपल्याकडे चांदीचे चार चमचे आहेत, दोन लंडनला, दोन ब्रिस्टलला, आणि आसपास इतके लोक भाकरीला मोताद असताना आणखी घेण्याचा विचार नाही, असे त्याने कळवले.

१७६० साली छापलेल्या प्रवचनात त्याने पैशाचे तीन नियम सांगितले. प्रामाणिकपणे, कुणाचे वाईट न करता शक्य तितके मिळवा. शक्य तितके वाचवा. आणि शक्य तितके देऊन टाका. पण वृद्धापकाळी त्याला एका गोष्टीने घेरले. अनुयायांनी पहिले दोन नियम मनापासून पाळले, तिसरा मात्र मागे राहिला. १७८६ साली त्याने लिहिले, की धर्म वाढला की माणसे कष्टाळू आणि काटकसरी होतात. कष्टाने आणि काटकसरीने संपत्ती येते. संपत्तीबरोबर गर्व आणि जगाची ओढ येते, आणि धर्माचा गाभा सुकतो. मग खरा धर्म टिकावा कसा? यावर त्याला एकच उपाय दिसला. तिसरा नियम पहिल्या दोहोंइतकाच पाळायचा. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रोटेस्टंट पंथ आणि भांडवलशाही यांवर जो गाजलेला निबंध लिहिला, त्यात वेस्लीच्या याच लिखाणाचा आधार घेतला आहे.

हे वाचताना मला आमच्या सीमाभागातली कितीतरी घरे आठवतात. आजोबा हमालीत किंवा मागावर राबले, माळ घालून दारू-विडी टाळली, पै पै साठवून पोरांना शिकवले. पोरे शिक्षक, कारकून झाली. नातवंडे पुण्याला, बंगळूरला मोठ्या पगारावर गेली. ज्या सद्गुणांनी पैसा आला ते सद्गुण पैशाबरोबर पुढच्या पिढीत उतरले का? शिकवणी लावून मार्क मिळतात. दारात आलेल्याला पाणी विचारायची सवय कुठल्या क्लासमध्ये लावायची?

लक्ष्मीबाईंचा हिशेब

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, की मग सगळे देऊन टाकावे, प्रश्न मिटला. तितके सोपे ते नाही, आणि हे मला आपल्या लक्ष्मीबाई टिळकांनी शिकवले.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. हाताने अतिशय सैल. पैसा त्यांच्याजवळ टिकत नसे. मागणाऱ्याला ‘नाही’ म्हणणे त्यांना जमत नसे. १९१७ साली तर त्यांनी मिशनचा पगारही सोडला, ख्रिस्ती संन्यासी होऊन साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ भरवला. परक्यांच्या पगारावर उभी असलेली भारतीय ख्रिस्ती मंडळी स्वतःच्या पायांवर उभी राहावी, ही त्यांची तळमळ होती. त्यांच्या त्यागाबद्दल शंकाच नाही. १९१९ साली त्यांचे निधन झाले.

पण या त्यागाचा संसारातला हिशेब ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाईंनी मांडला आहे. रित्या डब्यांचा, अचानक आलेल्या पाहुण्यांचा, चुलीपुढच्या चिंतेचा. आणि तोही नवऱ्यावरचे प्रेम तसूभर कमी होऊ न देता, हसत हसत. हे पुस्तक शिकवत असताना एका विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, दान टिळकांनी केलं, पण त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली ना? मग पुण्य कुणाचं?” वर्ग एकदम शांत झाला. अनेक मुलींच्या घरात असा एखादा ‘उदार’ बाप असतो, हे मला तेव्हा जाणवले.

बायबलमध्ये याचे उत्तर आहे. आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले आहे, असे सांगून त्यांना उपाशी ठेवणाऱ्यांना येशूने दांभिक म्हटले. तीमथ्याच्या ज्या पत्रात पैशाच्या आसक्तीचा धिक्कार आहे, त्याच पत्रात आपल्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला अविश्वासी माणसाहूनही वाईट ठरवले आहे. पैशाची हाव जशी माणसाला आंधळे करते, तसा त्यागाचा अभिमानही करू शकतो. दोन्हींत दारातला लाजर दिसत नाही. एकात तो भिकारी असतो, दुसऱ्यात बायको.

इथे मला आपले तुकोबा आठवतात. परंपरा सांगते, की सावकारीची कर्जखते इंद्रायणीत बुडवायला निघाले तेव्हा त्यांनी आधी धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याच्या वाट्याची अर्धी खते काढून दिली. बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची. वाटणी कशी करावी आणि त्याग कुठपर्यंत करावा, हे दोन्ही एका कृतीत आले. भावाचा वाटा त्यांनी खाल्ला नाही, तसा परस्पर दानही केला नाही. आणि ऋणकोही मोकळे झाले. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत अपराधांच्या क्षमेसाठी ‘ऋण’ हाच शब्द आहे, हे कळल्यापासून मला ती प्रार्थना आणि इंद्रायणीचा तो डोह शेजारी शेजारी दिसतात.

जक्कयाची वही

लूकनेच आणखी एका श्रीमंताची गोष्ट सांगितली आहे. यरीहोचा जक्कय हा जकातदारांचा मुख्य. बुटका असल्यामुळे येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढला. येशूने त्याला खाली बोलावले आणि आपण होऊन त्याच्या घरी मुक्कामाला गेला. त्याला पैशाबद्दल एक शब्दही सुनावल्याची नोंद नाही. पण जक्कय उभा राहून आपला हिशेब जाहीर करतो. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट परत. सुईच्या नेढ्याची गोष्ट अठराव्या अध्यायात आहे, आणि जक्कयाची लगेच एकोणिसाव्यात. नेढ्यातून गेलेला उंट तो हाच.

त्याच्या हिशेबात दोन वेगळी खाती आहेत, दानाचे एक आणि परतफेडीचे दुसरे. आपण बहुधा पहिल्यावर भागवतो. देवळाला घंटा देतो, गणपतीची वर्गणी भरतो, आणि बहिणीचा वाटा, कुळाचा बांध, कामवालीची थकलेली पगारवाढ दुसऱ्या खात्यात तशीच राहते. परतफेड बाकी ठेवून दान करण्याची सोय जक्कयाने स्वतःला ठेवली नाही.

वाचकहो, मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक नव्हे आणि धर्मोपदेशक तर नव्हेच. पण हे सगळे वाचून, शिकवून काही गोष्टी मनाशी ठरवाव्याशा वाटतात. कमाई वाढली की त्यातला किती हिस्सा घराबाहेर जाणार हे नवराबायकोने एकत्र बसून, आधीच ठरवावे. मुलांनाही ते कळू द्यावे. मृत्युपत्र हातपाय धड असताना लिहावे आणि मुलगा, मुलगी दोघांसमोर वाचून दाखवावे. हक्कसोड पत्रावर सही मागण्यापूर्वी बहिणीला तिचा वाटा बाजारभावाने किती होतो, तो आकडा भावाने स्वतःच्या तोंडाने सांगावा. मग तिला काय करायचे ते तिला ठरवू द्यावे. तो आकडा उच्चारताना जीभ अडखळली, तर आपला धनी कोण आहे ते कळायला दुसऱ्या पुराव्याची गरज पडणार नाही.